लाईट आली म्हणजे बॅटरी भरली असं नाही



कन्नड, सोयगाव, फुलंब्री, वैजापूर, पैठण, तालुका कुठलाही घ्या. गटाच्या बैठकीत मोबाइलचा विषय निघाला की तीन तऱ्हेच्या तक्रारी ऐकू येतात. एक ताई म्हणते, "आमच्याकडे लाईट गेली की पाच मिनिटांत रेंज जाते." दुसरी म्हणते, "आमच्याकडे सकाळी लाईट जाते तेव्हा रेंज चार-पाच तास टिकते, पण संध्याकाळी परत गेली की लगेच गायब." तिसरीचं वेगळंच, "आमच्या घरात लाईट असते, टीव्ही चालू असतो, तरी रेंज नसते." मग तिघी मिळून कंपनीला चार शब्द ऐकवतात आणि चहा येतो.

तिघींचं म्हणणं खरं आहे, पण तिघींच्या टॉवरचं दुखणं वेगवेगळं आहे. दवाखान्यात गेल्यावर नुसतं "बरं वाटत नाही" म्हणून भागत नाही. ताप कधी चढतो, किती वेळ राहतो, ते सांगावं लागतं. टॉवरचंही तसंच आहे. त्यासाठी इंजिनिअर व्हायची गरज नाही, बॅटरी कशी भरते आणि कशी रिकामी होते एवढं कळलं तरी पुरे.

हा विषय आत्ताच का घेतला? कारण रेंज जाणं आता गप्पांपुरतं राहिलेलं नाही. बँक सखीकडे अंगठा लावून पैसे काढायचे तर रेंज लागते. रेशनच्या दुकानातलं मशीन रेंजवर चालतं. लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये जमा झाल्याचा मेसेज, केवायसीचा ओटीपी, गटाच्या कर्जाचा हप्ता, सगळं त्याच तारेविना धाग्याला लटकलेलं आहे. आणि रात्री दोन वाजता बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या तर आशाताईला १०८ नंबर लावायचा असतो. वळवाचा पाऊस, वारा, विजा, डीपी जळणं, खांब पडणं हे सगळं नेमकं अशाच वेळी येतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांत वीज आणि मोबाइल दोन्ही अनेक दिवस बंद होते. पोरं मुंबई-पुण्यात, म्हातारे आईबाप गावात, आणि मधे काहीच संपर्क नाही. वादळ कोकणातलं, पण टॉवरचं यंत्र तिथलं आणि आपलं एकच.

आता त्या टॉवरच्या कुंपणाच्या आत काय असतं ते बघू. वर लोखंडी मनोऱ्याला अँटिना असतात, ते आपल्याला दिसतं. खाली एक खोली किंवा मोठं कपाट असतं. त्यात महावितरणची वीज येते. मोबाइलची यंत्रं मात्र आपल्या घरच्या विजेवर चालत नाहीत, ती ४८ व्होल्टच्या बॅटरीच्या विजेवर चालतात. म्हणून मधे एक यंत्र असतं, त्याला रेक्टिफायर म्हणतात. बाहेरची वीज घ्यायची, तिचं ४८ व्होल्टमध्ये रूपांतर करायचं, त्यातून टॉवर चालवायचा आणि उरलेल्या विजेतून बॅटरी भरायची, हे त्याचं काम. बॅटरी म्हणजे दोन-दोन व्होल्टचे २४ डबे एकामागे एक जोडलेले. बऱ्याच ठिकाणी डिझेलचा जनरेटरही असतो. काही नव्या ठिकाणी शिशाऐवजी लिथियमची बॅटरी असते.

लाईट जाते त्या क्षणी टॉवर बंद पडत नाही, तो बॅटरीवर जातो. आपल्याला कळतही नाही. बॅटरी खाली खाली जाते आणि एका ठरावीक व्होल्टच्या खाली गेली की यंत्र स्वतःच तिला तोडून टाकतं, नाहीतर बॅटरी कायमची खराब होईल. काही ठिकाणी हे दोन टप्प्यांत होतं. जास्त वीज खाणारी, इंटरनेटची यंत्रं आधी बंद होतात आणि साधा फोन व पुढच्या टॉवरला जोडणारा दुवा शेवटपर्यंत चालू ठेवतात. म्हणून कधी कधी फोन लागतो पण व्हॉट्सॲप हलत नाही. हे मला शहाणपणाचं वाटतं. तंगीत आपणही आधी सणाची खरेदी थांबवतो, पिठाचा डबा शेवटपर्यंत सांभाळतो.

इथपर्यंत सोपं आहे. खरी गोम लाईट परत आल्यावर आहे, आणि तिकडे कोणाचं लक्ष नसतं.

मराठवाड्यातल्या बाईला हे समजावून सांगायची गरज खरं तर नाही. नळाला पाणी आलं म्हणजे रांजण भरला असं होतं का? पाणी किती वेळ राहिलं, धार केवढी होती, आणि भरत असताना घरातली माणसं त्यातूनच किती उपसत होती, यावर सगळं ठरतं. बॅटरी म्हणजे रांजण. लाईट आली म्हणजे नळ आला, एवढंच.

पण रांजणात आणि बॅटरीत एक फरक आहे. रांजणात हंडाभर टाकलं तर हंडाभर निघतं. बॅटरीत जेवढं टाकाल त्यापेक्षा कमी निघतं. आपल्याच जिल्ह्यात पैठणला जायकवाडीवर १२ मेगावॅटचं वीजकेंद्र आहे. तिथलं यंत्र दोन्हीकडे फिरू शकतं, पाणी खाली सोडताना वीज तयार करायची आणि वीज जास्तीची असेल तेव्हा तेच पाणी परत वर चढवायचं. पाणी वर चढवायला जी वीज लागते, ती सगळी खाली सोडताना परत मिळत नाही. शिशाच्या बॅटरीतही शंभर काढले तर भरताना एकशे दहा-पंधरा तरी टाकावे लागतात.

आता एक हिशेब करू. कागद-पेन्सिल नसली तरी चालेल, गटाचा हिशेब तोंडी करणाऱ्या बायका आहात तुम्ही. समजा, एका टॉवरची बॅटरी ६०० अँपिअर-तासांची आहे. म्हणजे ६०० हंड्यांचा रांजण म्हणा. टॉवर दर तासाला ६० हंडे पितो. हे साधारण तीन किलोवॅट झाले. आमच्यासारख्या सामुदायिक रेडिओला नियमाने साधारण १०० वॅटच्या ताकदीपर्यंतच प्रक्षेपण करता येतं, त्यावरून टॉवरची भूक किती मोठी ते लक्षात येईल. रांजण तळापर्यंत उपसायचा नसतो, म्हणून ४८० हंडेच वापरायचे. ४८० भागिले ६०, म्हणजे आठ तास. छान झालं.

लाईट आली. आता रेक्टिफायरला दोन कामं एकदम आहेत. टॉवरला तासाला ६० द्यायचे आणि बॅटरीत ६० भरायचे, एकूण १२०. तेवढी ताकद असेल तर रिकामी बॅटरी नऊ-दहा तासांत बऱ्यापैकी भरते. पण रेक्टिफायरमध्ये तीन-चार खण असतात. त्यातला एक जळाला आणि कोणी बदलला नाही, तर ताकद समजा ८० वर आली. टॉवर बंद पडत नाही, बाहेरून सगळं ठीक दिसतं. पण टॉवर आपले ६० आधी घेतो आणि बॅटरीला उरतात फक्त २०. आता तीच बॅटरी भरायला सत्तावीस तास लागतील! सत्तावीस तास सलग लाईट आपल्याकडे वळवाच्या दिवसांत कुठे असते?

पुढे बघा. रोज सहा तास लाईट जाते असं धरा. सहा तासांत ३६० हंडे गेले. उरलेल्या अठरा तासांत २० प्रमाणे ३६० च आले, पण भरायला हवेत चारशे. रोज चाळीसची तूट. पहिल्या दिवशी काही जाणवत नाही, चौथ्या दिवशीही नाही. काही दिवसांनी मात्र अचानक लाईट परत यायच्या आधीच रेंज जाते आणि गावात चर्चा सुरू होते की टॉवर बिघडला. टॉवर त्या दिवशी बिघडलेला नसतो, कित्येक दिवस आधीपासून कर्जात गेलेला असतो. गटाच्या खात्यातून रोज चाळीस रुपये जास्त उचलले तर महिन्याच्या बैठकीत जे होईल, तेच हे.

त्यात आणखी एक. शिशाची बॅटरी अर्धवट भरलेली ठेवली की आतल्या पट्ट्यांवर गंधकाच्या संयुगाचा थर धरतो. लवकर पूर्ण भरली तर तो विरघळतो. आठवडेच्या आठवडे अर्धवट राहिली तर तो घट्ट होतो, माठाच्या आतून क्षार बसतात तसा. मग रांजणाची जागाच कमी होते, ६०० हंड्यांचा रांजण ३०० चा होतो. लिथियमच्या बॅटरीला हा त्रास नाही, ती अर्धी राहिली तरी कुरकुर करत नाही आणि भरतेही झपाट्याने. पण तिची किंमत जास्त. चोरांना मात्र दोन्ही बॅटऱ्या सारख्याच आवडतात, टॉवरच्या बॅटऱ्या चोरीला जाणं ही नेहमीची गोष्ट आहे.

जनरेटर आहे ना, मग काय अडचण, असं कोणी म्हणेल. जनरेटरचंही एक गणित आहे. बॅटरी रिकामी असते तेव्हा ती भराभर वीज घेते. ऐंशी टक्क्यांच्या पुढे गेली की तिची तहान कमी होते, शेवटचे वीस टक्के ती थेंबाथेंबानेच पिते. त्या शेवटच्या वीस टक्क्यांसाठी जनरेटर चालवत ठेवला तर डिझेल जळतं आणि बॅटरीत जातं थोडंसंच. म्हणून जाणकार माणूस जनरेटर ऐंशी टक्क्यांपर्यंत चालवतो आणि उरलेलं भरायचं काम लाईटवर किंवा सौरऊर्जेवर सोडतो. २०१२ मध्ये दूरसंचार विभागाने ठरवलं होतं की २०१५ पर्यंत ग्रामीण भागातले किमान ५० टक्के टॉवर विजेच्या जोडीला सूर्य किंवा वारा अशा अपारंपरिक विजेवर चालायला हवेत. तुमच्या गावच्या टॉवरखाली पॅनल आहे का, शेताकडे जाता-येता एकदा बघून ठेवा.

आता त्या तीन तायांकडे येऊ.

पहिलीच्या गावात लाईट गेली की पाच मिनिटांत रेंज जाते. तिने एकच गोष्ट तपासायची. आदल्या दिवशी चोवीस तास लाईट सलग होती आणि तरीही पाच मिनिटांत रेंज गेली, तर तिथली बॅटरी म्हातारी झाली आहे, किंवा जागेवरच नाही. अशा ठिकाणी लाईट कितीही वेळ द्या, उपयोग नाही. रांजणच फुटका आहे, तो बदलायला हवा.

दुसरीच्या गावात सकाळी रेंज टिकते आणि संध्याकाळी टिकत नाही. तिथली बॅटरी चांगली आहे, तिला भरायला वेळ मिळत नाही किंवा भरणाऱ्या यंत्रात ताकद नाही. तिथे नवी बॅटरी आणून बसवली तरी दोन महिन्यांत तीच कथा होणार. तिथे रेक्टिफायर तपासा असं सांगायचं.

तिसरीच्या घरात लाईट असूनही रेंज नाही. याची कारणं दोन असू शकतात. एक म्हणजे टॉवर वेगळ्या फीडरवर आहे. आपल्याकडे गावठाणाचं फीडर वेगळं आणि शेतीचं वेगळं असतं. शेतीच्या तीन फेज लाईनला दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास अशी पाळी असायची, हे सगळ्यांना पाठ आहे. टॉवर कुठल्या लाईनवर आहे ते लाईनमनला विचारा, तो सांगेल. दुसरं कारण जरा लांबचं आहे. टॉवर एकटा नसतो, तो दुसऱ्या टॉवरला जोडलेला असतो, दुसरा तिसऱ्याला. सोयगावसारख्या अजिंठ्याच्या डोंगररांगेतल्या भागात तर एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर असा दुवा जातो. मधल्या एका टॉवरची बॅटरी संपली की त्याच्या मागच्या सगळ्या गावांची रेंज जाते, मग तुमच्या टॉवरखाली दिवा का जळत असेना. अशा वेळी तुमच्या गावातल्या टॉवरची तक्रार करून काहीच होत नाही. आजूबाजूच्या कोणत्या गावांची रेंज त्याच वेळी गेली ते सांगावं लागतं. इथे बचत गट फार कामाचे आहेत, कारण ग्रामसंघ आणि प्रभाग संघाच्या बायका दहा गावांतल्या असतात आणि त्यांचा एकमेकींना रोजचा फोन असतो.

म्हणून एक वही घाला. लाईट गेल्याची वेळ, रेंज गेल्याची वेळ, लाईट आल्याची वेळ, रेंज आल्याची वेळ, असे चार रकाने. कुठल्या कंपनीची रेंज तेही लिहा, कारण एकाच मनोऱ्यावर दोन-तीन कंपन्या असू शकतात. पंधरा दिवस पुरेत. ही वही तुमच्या मीटरखाली खिळ्याला अडकवून ठेवा, कपाटात ठेवली तर कोणी लिहिणार नाही. टॉवरच्या फाटकावर पाटी असते, तिच्यावर त्या जागेचा नंबर असतो. तो नंबर, वहीतल्या नोंदी आणि ग्रामपंचायतीचं पत्र, एवढं घेऊन कंपनीकडे तक्रार केली की समोरच्याला "तपासतो" म्हणून फोन ठेवता येत नाही. लाईटचीच तक्रार असेल तर महावितरणचा १९१२ हा नंबर आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट पोहोच घ्या.

उन्हाचं एक सांगायचं राहिलं. शिशाच्या बॅटरीचं आयुष्य २५-२७ अंश उष्णतेसाठी मोजलेलं असतं. त्यावर दर दहा अंश वाढले की आयुष्य जवळपास निम्मं होतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. पाच वर्षांची म्हणून आणलेली बॅटरी दोन वर्षांत का गेली, याचं उत्तर पुष्कळदा पत्र्यातच असतं. हे टॉवरला लागू आहे आणि तुमच्या घरातल्या इन्व्हर्टरलाही. गच्चीच्या जिन्याखाली, पश्चिमेच्या भिंतीला टेकून बॅटरी ठेवू नका.

घरच्या इन्व्हर्टरचं नाव निघालंच आहे तर त्याच्याकडे वळू, कारण टॉवर आपल्या हातात नाही, हा आहे. ज्या गटाने सेवा केंद्र घेतलं आहे, ज्या ताई बँक सखीचं काम करतात, ज्यांच्याकडे ग्रामपंचायतीतून वायफायचा दुवा घेतलेला आहे, त्यांची खोली म्हणजे एक छोटा टॉवरच आहे.

१२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी बहुतेकींकडे असते. तिच्यातून निम्मंच काढायचं धरलं, तर ९०० वॅट-तास हाती येतात. लाईट गेली आणि दोन पंखे, तीन दिवे, लॅपटॉप, राउटर सगळं चालू ठेवलं तर इन्व्हर्टरची स्वतःची भूक धरून तीन तासांत ते संपतात. तेच पंखे आणि लॅपटॉप बंद करून फक्त राउटर, अंगठ्याचं मशीन आणि एक दिवा ठेवला तर पंधरा तासांहून जास्त चालतं. बॅटरी तीच. ही निवड लाईट जाते त्या मिनिटाला करायची असते, बॅटरी ओरडायला लागल्यावर नाही. इन्व्हर्टरच्या बोर्डावर पंख्याचं बटण कोणतं आणि राउटरचं कोणतं ते रंगीत टिकलीने खूण करून ठेवा. दोन हात, दोन टिकल्या, काम झालं.

भारनियमनाच्या काळात महावितरणची अक्षय प्रकाश योजना होती, काही जुन्या मैत्रिणींना आठवेल. संध्याकाळच्या वेळी गावाने आपणहून मोटारी बंद ठेवायच्या आणि त्या बदल्यात घरात दिवे चालू राहायचे. काय आधी बंद करायचं हे आपणच ठरवायचं, हाच हिशेब तुमच्या खोलीतल्या बॅटरीचा.

भरायला किती वेळ? वापरलेले ७५ अँपिअर-तास भरायला साधारण १५ अँपिअरचा चार्जर सहा तास घेतो आणि पूर्ण काठोकाठ व्हायला आठ. म्हणजे तीन तास उपसा आणि आठ तास भरणं. दुपारी तीन तास लाईट गेली आणि संध्याकाळी सातला परत जाणार असेल, तर मधल्या वेळात रांजण अर्धाच भरेल. हे माहीत असलं की संध्याकाळी पंखा लावायचा की नाही ते आपोआप ठरतं.

आता एक खोड सांगते, ती पुष्कळ घरांत सापडेल. इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे एक छोटं बटण असतं. एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको असं लिहिलेलं असतं. यूपीएसवर ठेवलं की यंत्र फार चोखंदळ होतं, साधारण १८० व्होल्टच्या खाली वीज आली तर तिला वीजच मानत नाही. आपल्याकडे लाईनच्या शेवटच्या टोकाला असलेल्या वस्तीत, मोटारी चालू असताना व्होल्टेज १६०-१७० वर येतं. दिवा पिवळा जळतो, पण जळतो. इन्व्हर्टर मात्र समजतं की लाईट गेली, आणि बॅटरी उपसायला लागतं. म्हणजे भरण्याच्या वेळी ती रिकामी होत असते! नॉर्मलवर केलं की तेच यंत्र बऱ्याच कमी व्होल्टेजवरही भरत राहतं. तोटा एवढाच की लाईट जाताना क्षणभर जास्त वेळ लागतो आणि कॉम्प्युटर किंवा राउटर एखाद वेळी बंद होऊन परत सुरू होतो. राउटरला हजार-दोन हजारांचा छोटा वेगळा यूपीएस मिळतो, तो लावला की हाही प्रश्न मिटतो.

बॅटरीत पाणी घालताना डिस्टिल्ड वॉटरच घाला. बोअरचं पाणी नको, आपल्या भागात क्षार किती ते तुमच्या पातेल्यांना विचारा. फिल्टरचं पाणीसुद्धा नको. बॅटरी भरल्यावर घालायचं, खुणेपर्यंतच. हातावर आतलं आम्ल उडालं तर भरपूर वाहत्या पाण्याखाली हात धरा. बॅटरी भरत असताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो, तो पेट घेतो. दसऱ्याला आपण यंत्रांची पूजा करतो, हळदकुंकू वाहा, फूल वाहा, पण निरांजन आणि उदबत्ती बॅटरीपासून लांब. खोलीची खिडकी उघडी असू द्या.

ज्यांच्याकडे ग्रामपंचायतीतून किंवा शाळेच्या गच्चीवरून तारेविना दुवा येतो, त्यांनी एक लक्षात घ्यावं. दुव्याला दोन टोकं असतात. तुमच्या टोकाला मोठी बॅटरी आणि पलीकडच्या टोकाला काहीच नाही, तर लाईट गेल्यावर तुमची बॅटरी नुसती शोभेची. गच्चीवरचं ते छोटं यंत्र आठ-दहा वॅटच खातं, त्याला छोटीशी बॅटरीही पुरते, फक्त ती दोन्हीकडे हवी. ग्रामपंचायतीत भारतनेट किंवा महानेटची पेटी असेल तर तिच्या जोडीला बॅटरी दिलेली असते. ती किती जुनी आहे, शेवटचं कोणी बघितलं, हे ग्रामसेवकांना एकदा विचारा.

सौर पॅनल लावायचा विचार असेल तर दुकानदार बॅटरीची मोठी साइज दाखवेल. तुम्ही आधी पॅनलचं विचारा. आपल्या भागात एक वॅटचं पॅनल वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार वॅट-तासांच्या आसपास देतं. राउटर आणि गच्चीवरचं यंत्र मिळून २२ वॅट, दिवसरात्र चाललं तर ५२८ वॅट-तास. भागिले चार, म्हणजे १३२ वॅट. ढग, धूळ, बॅटरीतली तूट धरून २०० वॅटचं घ्या. मोठी बॅटरी आणि छोटं पॅनल म्हणजे मोठा रांजण आणि बारीक धार, तो कधीच भरत नाही आणि अर्धवट राहून लवकर खराब होतो. पॅनलवरची धूळ सकाळी लवकर, काच थंड असताना ओल्या फडक्याने पुसायची.

आणि शेवटी बँक सखींसाठी. लाईट जाऊन बराच वेळ झाला असेल आणि रेंज येत-जात असेल तर अंगठ्याचा नवा व्यवहार सुरू करू नका. मधेच संपर्क तुटला तर खात्यातून रक्कम वजा झालेली दिसते आणि हातात पैसे नसतात. ती रक्कम परत जमा होते, पण तोवर म्हातारी आजी चार वेळा तुमच्या दारात येऊन बसते. असं झालंच तर लगेच दुसऱ्यांदा अंगठा घेऊ नका. आधी खात्याची शिल्लक तपासा, व्यवहार फसल्याची पावती काढा, रेंज नसेल तर वेळ आणि रक्कम हाताने लिहून आजीची सही किंवा अंगठा घ्या. रात्री-अपरात्री तुमच्या कंपनीची रेंज गेली असेल आणि मोबाइलवर फक्त आपत्कालीन कॉल असं दिसत असेल, तर ११२ लावून बघा. त्या वेळी मोबाइल दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही तो कॉल लावू शकतो. हे आशाताईंनी आणि अंगणवाडीताईंनी आजच आपापल्या वस्तीत सांगून ठेवावं.